दोरीविना बाहुल्या : लिटिल बॅले ट्रूपची ग्वाल्हेरमधील वीस वर्षे

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाला आधी ख्याल आठवतो. हद्दू-हस्सू खाँ, बाळकृष्णबुवांनी महाराष्ट्रात रुजवलेली गायकी आणि १९१८ साली भातखंड्यांच्या प्रेरणेने सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालय, एवढ्यात शहराची ओळख पुरी होते. याच शहरात १९६४ ते १९८४ या काळात एक नामवंत बॅले मंडळी नांदली, हा विषय मात्र सहसा निघत नाही.

शांती बर्धन यांनी लिटिल बॅले ट्रूपची स्थापना १९५२ मध्ये मुंबईत केली. नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात ते घडले होते आणि पुढे इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंघटनेच्या मध्यवर्ती पथकासाठी त्यांनी नृत्यनाट्ये बसवली होती. येथे बॅले म्हणजे चवड्यांवर तोललेल्या नर्तकी नव्हेत. नटांच्या तोंडी संवाद न देता देहाच्या हालचालींतून आणि संगीतातून उलगडणारी कथा, असा त्याचा अर्थ आहे.

त्यांचे ‘रामायण’ १९५३ मधले. राजस्थानी कठपुतळ्यांवरून सुचलेल्या या रचनेत माणसेच बाहुल्या होतात. कळसूत्री बाहुलीचा हात आपणहून उठत नाही, तो उचलला जातो. दोरी ज्या सांध्याला बांधलेली असते तो सांधा आधी हलतो आणि उरलेला देह त्याच्यामागून ओढला जातो. नर्तकाला ही न दिसणारी दोरी अंगात मुरवावी लागते. चेहऱ्यावर मुखवटा असल्यामुळे डोळ्यांचा अभिनय हाताशी राहत नाही, आणि सीतेचा शोक मान कलण्याच्या कोनातून किंवा खांद्याच्या एका झटक्यातून पोहोचवावा लागतो. श्वासाने छाती हललेली दिसली, तरी बाहुलीचा माणूस होतो. क्षयाने पोखरलेल्या, श्वासाची किंमत रोज मोजणाऱ्या बर्धनांसारख्या कलावंताला श्वास लपवणारे नृत्य सुचावे, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

बर्धन १९५४ मध्येच गेले. ‘पंचतंत्र’ ही त्यांची दुसरी गाजलेली रचना. तिच्यात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची कथा प्रत्येक प्राण्याच्या चालीतून उभी राहते. संस्थापक गेल्यावर मंडळी फुटतात, हा आपल्या संगीत नाटक कंपन्यांचाही अनुभव आहे. येथे तसे झाले नाही, कारण त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी मंडळीची धुरा उचलली आणि प्रभात गांगुली यांच्यासारख्या रचनाकाराने नवी नृत्यनाट्ये बसवली.

तरी जुन्या रचना टिकवणे हेच अधिक कठीण काम होते. कासवाने मान किती बाहेर काढावी, हे कागदावर पुरते उतरत नाही. ते जुन्या नर्तकाच्या मानेत असते आणि तालमीत समोर उभे राहूनच नव्याला घ्यावे लागते. ज्या शहरात चीज आणि तिची जागा गुरूसमोर बसून उचलली जाते, त्या शहराला ही रीत परकी नव्हती.

१९८४ मध्ये मंडळीने आपला मुक्काम भोपाळला हलवला. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शांती बर्धन यांना ‘रामायण’ बसवल्यानंतर जेमतेम एक वर्ष मिळाले होते. गुल बर्धन यांनी ते पुढची छप्पन्न वर्षे सांभाळले, आणि त्यांतली वीस ग्वाल्हेरची होती.