दख्खनी लोकर कवडीमोल का झाली, आणि तिला भाव कसा मिळतो?

नमस्कार मंडळी.

(हातात काळ्या लोकरीचा पुंजका)

ही दख्खनी मेंढीची लोकर. सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात मेंढ्या कातरल्या की ती कितीतरी ठिकाणी बांधावर पडून कुजते. कातरणी तर चुकत नाही. लोकर वाढली की मेंढीला उकडतं, कुसळं अडकतात, गोचीड लपतात. वर्षातून दोनदा कातरायचंच. मेंढपाळाची मेहनत जाते, मजुरीही जाते आणि हाती काहीच पडत नाही.

का? कारण बाजार तिला स्वेटरच्या मापानं मोजतो. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 18 ते 24 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा. दख्खनीचा 50च्या आसपास. तो अंगाला टोचणारच. पण म्हणून ही लोकर टाकाऊ, हे मला अजिबात मान्य नाही.

यातले बरेच तंतू मधून पोकळ असतात. त्यामुळे ते ताठ होतात, रंगही नीट धरत नाहीत. मात्र त्याच पोकळीत हवा राहते, म्हणून ऊब टिकते. ताठपणामुळे जमिनीवर अंथरलेलं घोंगडं वर्षानुवर्षं तुडवलं तरी लवकर विरत नाही. आणि रंगाचं म्हणाल तर काळा रंग मेंढीनंच दिलाय! शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के बाष्प पिऊन घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन धनगर भर पावसात मेंढरांमागं फिरतो, त्यामागं हे सगळं आहे.

आता कारागीर यात काय करतो? बऱ्याच जणांना वाटतं, नवं डिझाइन काढलं की झालं. माझं मत वेगळं आहे. खरं काम मागावर बसण्याच्या फार आधी, मेंढपाळाच्या वाड्यावर सुरू होतं. मेंढ्या धुऊन मगच कातरल्या का? पोटाखालची आणि शेपटीकडची मळकी लोकर बाजूला काढली का? कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, वेगळं ठेवलं का? जावळ सगळ्यात मऊ, त्याची शाल होऊ शकते. पाठीवरची लांब लोकर घोंगडीला. आखूड तुकडे दाबून नमदा, म्हणजे न विणलेलं जाड लोकरी कापड, करायला. उरलेली घाण लोकरसुद्धा झाडाच्या बुडाशी घातली तर ओल धरते आणि कुजताना नत्र देते.

निवडून दिलेल्या लोकरीला जो कारागीर मेंढपाळाला जादा पैसे मोजतो, त्याच्याच हातून या लोकरीला खरी किंमत येते. सगळा ढीग एकाच भावानं उचलला, तर पुढच्या कातरणीला कोण कशाला निवडत बसेल?

(चरखा दाखवणे)

मग पिंजायचं आणि कातायचं. इथं घोडं अडतं. बारीक, एकसारख्या लोकरीसाठी बनवलेल्या गिरणीच्या यंत्रांवर हे जाडंभरडं मिश्रण नीट चालत नाही, त्यामुळे सूत हातानंच काढावं लागतं. ते बहुतेक घरातल्या बायका काढतात. एका विणकराचा माग चालू ठेवायला कितीतरी जणींना चरखा फिरवत राहावं लागतं. पण घोंगडी विकताना नाव विणकराचं, आणि कातणारीला सगळ्यात कमी पैसे. नव्या मुली या कामाकडे वळत नाहीत, याचं मला नवल वाटत नाही. लोकरीचा भाव वाढवायचा असेल तर आधी कातण्याची मजुरी वाढली पाहिजे.

विणकाम खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर होतं. त्याआधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्यानं सुतावर फिरवली की सुटे केस बसतात आणि ताणा मागावर तुटत नाही. नव्या घोंगडीचा कडकपणा या खळीचा असतो, वापरता वापरता तो जातो.

एक गोष्ट काळजीची आहे. मटणाला भाव आल्यामुळे अनेकांनी माडग्याळसारख्या थोराड, कमी लोकरीच्या मेंढ्या धरल्या. त्यांचा हिशेब बरोबरच आहे. लोकरीचे दोन पैसे सुटले नाहीत, तर काळी दख्खनी मेंढी त्यांनी कशाच्या जोरावर ठेवायची?

तुम्ही घोंगडी घेणार असाल, तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकर हळूहळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची टणक गुठळी होते. सूत कोणी कातलं, तेही दुकानदाराला विचारा. घरी आणल्यावर ऊठसूट धुऊ नका, अधूनमधून उन्हात टाकून झटका. आणि पेटीत ठेवताना कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.