आरएक्स-८: जाहिरातीतली ताकद आणि इंजिनातली ताकद

[दृश्य: रोटरी इंजिनाचं उघडं घर, आत सावकाश फिरणारा तिकोनी रोटर]

निवेदन:
माझदाची आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार २००३ साली बाजारात आली, तेव्हा दोन आकडे गाजत होते. ताकद २५० अश्वशक्तीच्या घरात आणि इंजिन अवघं १.३ लिटरचं, तेही टर्बोशिवाय. इंजिन रोटरी, म्हणजे वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं. असे आकडे शेजारी छापले की वाचणारा आपसूक भागाकार करतो आणि लिटरमागे जवळपास १९० अश्वशक्ती असं उत्तर काढून थक्क होतो.

पहिला आकडा अमेरिकेत त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. दुसरा आजही बिनदिक्कत सांगितला जातो. जास्त दिशाभूल हा दुसराच करतो.

आधी ताकदीचं बघू. जपानी माहितीपत्रकात २५० पीएस होते, अमेरिकेत २४७ हॉर्सपॉवर. इथवर काही गैर नाही. पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, ७३५.५ वॉट. अमेरिकन हॉर्सपॉवर ७४५.७ वॉटची. त्यामुळे २५० पीएस म्हणजेच २४७ हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या जाहिरातींतही कुठे पीएस असतं, कुठे बीएचपी (म्हणजे हॉर्सपॉवरच), आणि पीएसचा आकडा नेहमी दीड टक्का मोठा दिसतो. तुलना करताना आधी एकक बघायचं.

[दृश्य: डायनोच्या रोलरवर फिरणारी मागची चाकं]

गाड्या हातात पडल्यावर अमेरिकेतल्या मालकांनी त्या डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवल्या. चाकांवर मोजलेले आकडे अपेक्षेपेक्षा बरेच खाली आले. शेवटी कंपनीने अमेरिकेतला आकडा २४७ वरून २३८ वर आणला. ग्राहकांपुढे दोन पर्याय ठेवले: गाडी परत द्या, नाहीतर ठेवा आणि ५०० डॉलर व वॉरंटीच्या काळातली नियमित सर्व्हिसिंग फुकट घ्या.

हे ९ हॉर्सपॉवर गेले कुठे? रोटरी इंजिनात ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असते. ज्योत तिच्या टोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, काही इंधन बाहेर पडतानाही जळत राहतं, म्हणून धूर फार गरम निघतो. ती आच सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला सोसत नाही. अमेरिकन नियमांप्रमाणे कन्व्हर्टर बरीच वर्षं टिकायला हवा. म्हणून वरच्या आरपीएमला ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातून, पेट्रोल वाढवलं गेलं. जादा पेट्रोलाची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि धूर थंड होतो. पण पेट्रोलमागे हवेचं प्रमाण साडेबारा-तेराच्या खाली गेलं की ताकद उतरायला लागते. कन्व्हर्टर वाचवण्याचा निर्णय बरोबरच होता. चूक झाली ती ट्यूनिंग बदलल्यावर जुनाच आकडा जाहिरातीत राहिला ही.

फरक किती बारीक आहे ते बघा. किलोवॅटमधली ताकद म्हणजे टॉर्क (शाफ्टला पीळ देणारा जोर) गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. ८५०० आरपीएमला २४७ हॉर्सपॉवर हवे असतील तर टॉर्क २०७ न्यूटन-मीटर लागतो, २३८ साठी १९९. फक्त ८ न्यूटन-मीटर. ८५०० आरपीएमला एवढाही टॉर्क घटला की जाहिरात खोटी ठरते.

याच सूत्राने आणखी एक गोष्ट उघड होते, आणि ती जाहिरातीत कधीच नसते. या इंजिनाचा कमाल टॉर्क साधारण २१६ न्यूटन-मीटर, ५५०० आरपीएमला. ३००० आरपीएमला तेवढाच टॉर्क मिळतो असं उदारपणे धरलं, तरी ताकद ९१ हॉर्सपॉवरच्या वर जात नाही. शहरात रोज वापरायला मिळते ती एवढीच. २३८ हवे असतील तर काटा ८५०० ला न्यायला लागतो.

असं एकट्या याच गाडीत झालं नाही. माझदाच्याच २००१ च्या मियाटाचा आकडा अमेरिकेत १५५ वरून १४२ वर आणावा लागला होता. फोर्डच्या १९९९ च्या मस्टँग कोब्राचं प्रकरण वेगळं. जाहिरात ३२० हॉर्सपॉवरची, गाडी त्याहून अशक्त. तिथे दोष सापडला, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, आतला ओतकामाचा खडबडीतपणा आणि धुराची कोंडी करणारा सायलेन्सर. फोर्डने विक्री थांबवली, मॅनिफोल्ड, सायलेन्सर आणि संगणक या तिन्हींचं काम केलं आणि गाडी आकड्यापर्यंत आणली. ग्राहकाच्या दृष्टीने हा मार्ग उजवा.

[दृश्य: रोटरचं आडवं चित्र, तीन कप्पे वेगवेगळ्या रंगांत]

आता १.३ लिटर. हा आकडा येतो कुठून? रोटरची त्रिज्या १०५ मिलिमीटर, शाफ्टची विकेंद्रता, म्हणजे रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून जेवढं सरकलेलं ते अंतर, १५, रोटरची रुंदी ८०. या तिघांचा गुणाकार करून त्याला ५.१९६ ने गुणलं की ६५४ घन सेंटिमीटरच्या आसपास उत्तर येतं. हा झाला एका कप्प्याचा फुगवटा, म्हणजे रोटरची एक बाजू आणि घर यांमधली जागा फिरताना जेवढी वाढते ती. रोटर दोन, म्हणून १३०८ सीसी. गणित अचूक आहे. गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे.

पिस्टनच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा हवा भरतो. २ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत २ लिटर हवा ओढतं. रोटरीत रोटर एकदा फिरतो तोवर शाफ्ट तीनदा फिरतो, आणि रोटरला बाजू तीन. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक कप्पा भरतो. दोन फेऱ्यांत १३०८ दुणे २६१६ सीसी. हवा आणि पेट्रोल पिण्याच्या हिशेबात हे २.६ लिटरचं इंजिन आहे.

मग भागाकार पुन्हा करा. २३८ भागिले २.६१६, लिटरमागे ९१. त्याच काळातली होंडा एस२०००, १९९७ सीसी, अमेरिकेत २४० हॉर्सपॉवर, तीही टर्बोविना. लिटरमागे १२०. चमत्काराची बाजू उलटते. जपानमध्ये वाहनकराच्या हिशेबात रोटरीचे सीसी दीडपट धरतात. आणि आरएक्स-८ च्या मायलेजचा अमेरिकन सरकारी आकडा शहरात १८ मैल प्रति गॅलन होता, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या थोडं वर. १.३ लिटरवर भुलून गाडी घेणाऱ्याला पेट्रोल पंपावर २.६ लिटरचं बिल येतं.

याचा अर्थ इंजिन वाईट होतं असा नाही. धुराची दारं बाजूच्या भिंतीत नेल्यामुळे ताजी हवा आणि धूर यांची सरमिसळ थांबली, हे खरंखुरं कौशल्य होतं. २००३ साली त्याला वर्षाच्या सर्वोत्तम इंजिनाचा आंतरराष्ट्रीय किताब मिळाला. लहान, हलकं, थरथर न करणारं इंजिन एवढंच सांगितलं असतं तरी ते विकलं गेलं असतं.

[दृश्य: डायनोचा छापील आलेख, कोपऱ्यातली बारीक अक्षरं]

नवी गाडी घेताना जाहिरातीतल्या आकड्यापुढे आरपीएम छापलंय का ते बघा. २००५ पासून अमेरिकेत स्वतंत्र साक्षीदारासमोर ताकद मोजून प्रमाणपत्र घेण्याची एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. कॉर्व्हेट झी०६ या स्पोर्ट्स कारच्या त्या वेळच्या ७ लिटरच्या इंजिनाचे ५०५ हॉर्सपॉवर त्याच पद्धतीचे होते.

स्वतः डायनोवर जायचं असेल तर इंजिन नीट गरम करून न्या, टायरमधली हवा ठरलेल्या दाबाची ठेवा, रेडिएटरसमोर जोराचा पंखा हवा. गिअर १:१ च्या जवळचा घ्या, म्हणजे ज्यात गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट जवळपास इंजिनाइतकाच फिरतो तो. तीन वेळा मोजा, मध्ये इंजिनात शिरणारी हवा थंड होऊ द्या. चाकांवरचा आकडा क्रँकवरच्या, म्हणजे थेट इंजिनाच्या शाफ्टवरच्या, आकड्यापेक्षा कमी येणारच, मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत १५ टक्के धरतात, पण हा अंदाज आहे. तेवढ्यावरून कंपनीला खोटं पाडू नका. त्याच रोलरवर तशीच दुसरी गाडी चढवून तुलना केली तर बोलण्यात दम येतो.

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन तेवढं कमीच देणार. हा फरक डायनोचा संगणक आकडा सुधारून भरून काढतो. छापील कागदाच्या कोपऱ्यात एसएई लिहिलंय की एसटीडी (या आकडा सुधारण्याच्या दोन पद्धती) ते वाचा, कारण त्याच गाडीचा एसटीडी आकडा सुमारे ४ टक्के जास्त येतो. २३८ चे ४ टक्के म्हणजे साडेनऊ हॉर्सपॉवर.