ज्याला उलट बोलता येत नाही

मंडळी, दुसऱ्याच्या अंगावरून बोलणं हा आजचा विषय. तो ऐकून एका स्नेह्यांनी मला विचारलं, ‘यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? जाड माणसाला जाड म्हटलं तर त्यात अपमान कसला?’ प्रश्न रोखठोक आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

साखरपुडा असो, बारसं असो की गौरी-गणपती, पाहुणा चपला काढतो न काढतो तोच त्याच्या वजनाचा पंचनामा सुरू होतो. ‘अगं, किती सुटलीस!’ ‘काय रे, हॉस्टेलवर जेवायला घालत नाहीत का? नुसता सांगाडा झालायस.’ ‘सासर मानवलेलं दिसतंय हं!’ बोलणारं कोण असतं बघा: आत्या, वडिलांचे मित्र, नवऱ्याची मावशी. ऐकणारं कोण? भाची, नवी सून, नुकताच नोकरीला लागलेला पोरगा. आता तेच वाक्य उलट फिरवा. पहिल्याच गौरीला नव्या सुनेने चुलतसासूंना म्हणावं, ‘काकू, पोट फारच सुटलंय हो तुमचं.’ तुम्ही हसलात, पण त्या घरात कुणी हसणार नाही. ‘खरं तेच बोलली बिचारी’ असंही कुणी म्हणणार नाही. पोरीला वळण नाही, ही बातमी रात्रीपर्यंत सगळ्या भाऊबंदांत पोचलेली असेल.

वाक्य दोन्हीकडे खरंच होतं. म्हणजे अपमान खरेखोटेपणावर ठरत नाही. हेतूवरही तो फारसा ठरत नाही, कारण आत्याच्या मनात खरंच वाईट काही नसतं. ज्याच्या अंगाबद्दल बोललं जातंय, त्याला तोडीस तोड उत्तर देण्याची मोकळीक आहे का, यावर तो ठरतो, असं माझं मत आहे. दोन जुने मित्र एकमेकांना ‘जाड्या’ आणि ‘काडीपैलवान’ म्हणत आयुष्य काढतात, कारण तिथे हिशोब रोखीत चुकता होतो. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोराला विचारतात, ‘किती भरलं?’ त्याचाही कुणाला राग येत नाही. 74 किलोत उतरायचं की 79 मध्ये, हे ठरवायचंच असतं आणि त्यासाठीच तर पोरगा तालमीत आलेला असतो. भाची मात्र बारशाला आलेली असते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, आम्ही काळजीपोटी बोलतो.’ बरं, काळजी खरी धरू. पण नुसत्या नजरेला कळतं तरी किती? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. उंचीच्या मानाने वजन दोघांचंही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी दडलेली असू शकते. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची जन्मतात, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास, आणि तरीही आपल्या त्या हडकुळ्या बाळांनी चरबी बऱ्यापैकी राखलेली असते, हेही याज्ञिक यांच्याच गटाने दाखवून दिलं. मधुमेहाचा धोका इथून सुरू होतो. मग लग्नाच्या पंगतीत कुणाला जिलबी वाढायची आणि कुणाला टोकायचं, हे आपण कशाच्या जोरावर ठरवतो?

कौतुकाची गत तर त्याहून वाईट. ‘काय मस्त बारीक झालीस, आम्हालाही सांग की काय करतेस!’ क्षयात वजन उतरतं. निदान न झालेल्या मधुमेहात उतरतं, कर्करोगात उतरतं, घरात कुणी गेलं की उतरतं. त्या बाईने हसून काय सांगावं, केमोथेरपी?

आणि टोचून बोलल्याने माणूस जागा होतो, ही समजूतही तपासून झालेली आहे. अमेरिकेत सुमारे 6 हजार प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना वजनावरून भेदभावाची वागणूक मिळाली होती, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण टोमण्याने वजन उतरतं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मला तेवढाही पुरावा दिसलेला नाही.

आता आपल्या लाडक्या विषयाकडे येऊ. मुंबईचा सरफराज खान रणजीत धावांचे डोंगर रचत होता आणि भारतीय संघ जाहीर झाला की त्यात त्याचं नाव नसायचं. चर्चा कशाची? कंबरेची. जानेवारी 2023 मध्ये सुनील गावस्कर वैतागून म्हणाले की, सडपातळच पोरं हवी असतील तर निवड समितीने फॅशन शोला जावं आणि तिथल्या मॉडेलांच्या हाती बॅट-बॉल द्यावा. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला सरफराजने पदार्पणातच दोन्ही डावांत अर्धशतकं ठोकली, त्याच वर्षी बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध 150 केल्या. 2025 च्या जुलैमध्ये त्याने दोन महिन्यांत 17 किलो वजन उतरवल्याच्या बातम्या आल्या. ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध घरच्या मैदानावर कसोटी मालिका झाली, त्या संघातही तो नव्हता. का नव्हता, ते निवडणाऱ्यांना ठाऊक. खेळाडूची तंदुरुस्ती जरूर तपासावी, त्यासाठी यो-यो चाचणी आहे, स्टॉपवॉच आहे. फोटो बघून पोटाचा घेर ठरवणं ही चाचणी नव्हे. त्याआधी, 2025 च्याच मार्चमध्ये एका काँग्रेस प्रवक्त्यांनी रोहित शर्माला समाजमाध्यमावर जाड म्हटलं आणि पक्षाने त्यांना ती पोस्ट काढायला लावली. आठवड्याभरात चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहितने 76 काढल्या आणि सामनावीर ठरला. रोहितच्या हातात बॅट होती हो. हॉस्टेलवरून आलेल्या पोराच्या हातात फक्त चहाचा कप असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही धरला आहे, टिंगल आणि अपमान त्यात येतात. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. आरोपीचं म्हणणं असं की, बाईच्या बांध्याची तारीफ केली तर त्यात गुन्हा काय? न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. तेव्हा ‘मी तर चांगलंच बोललो’ ही ढाल कोर्टातसुद्धा पुरत नाही. अर्थात आत्याबाईंना कोर्टात खेचा, असं मी म्हणत नाहीये.

मग डॉक्टरांनीही गप्प बसायचं का? मुळीच नाही. तिथे आपण विचारायलाच गेलेलो असतो. दार बंद असतं, तपासणीचे कागद समोर असतात. तिथे कंबर मोजून घ्या. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. तरी एक तक्रार नोंदवतो. गुडघा दुखतोय म्हणून गेलेल्या जाड माणसाचा गुडघा न बघताच ‘आधी वजन कमी करा’ असं सांगणारे डॉक्टर मी पाहिलेत. त्या माणसाने उलट काय बोलायचं? तो पुन्हा दवाखान्याची पायरीच चढत नाही.

वेळ संपत आली, आता प्रश्न घेऊ. पहिल्या रांगेतले काका मघापासून माझ्या पोटाकडे बघताहेत. विचारा काका, बिनधास्त विचारा. माइक माझ्याकडे आहे.