आपलंच काम आठवताना

मुलाखतीच्या आदल्या रात्री बहुतेक जण नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं काढून ती पुन्हा पुन्हा वाचतात. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत आले आहे. पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच कळतं. एखादा उपप्रश्न विचारला की सगळं कोलमडतं. तेव्हा फार वाईट वाटतं, कारण सांगण्यासारखं काम त्या माणसाकडे असतं, फक्त ऐन वेळी ते आठवत नाही.

मुलाखतीत हल्ली 'मुदत हुकली असा एखादा प्रसंग सांगा' असे प्रश्न हमखास येतात. मानसशास्त्रज्ञ टॉम जान्झ यांनी या पद्धतीवरचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला होता. 'मी मेहनती आहे' असं कोणीही म्हणू शकतं. प्रत्यक्ष अडचणीत माणूस कसा वागला, यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज जास्त बरा येतो, हा त्यामागचा विचार.

म्हणून एक वही घ्या आणि सहा-सात प्रसंग लिहून काढा. काहीतरी बिघडलं तो, वरिष्ठांशी मतभेद झाला तो, स्वतःची चूक निस्तरावी लागली तो. नोकरीचा अनुभव नसेल तर कॉलेजच्या प्रोजेक्टमधले प्रसंगही चालतात. परिस्थिती काय होती, मी काय केलं, त्यातून काय निघालं, एवढंच लिहा.

इथे 'मी' या शब्दाशी बरेच जण अडखळतात. 'आम्ही सगळी नोंदणी संगणकावर आणली,' असं उमेदवार सांगतो. 'त्यात तुम्ही काय केलंत?' म्हटलं की गप्प होतो. स्वतःबद्दल बोलू नये हा संस्कार आहे, आणि तो चांगलाच आहे, पण त्याचा फटका नेमका भिडस्त, कष्टाळू माणसाला बसतो. 'आम्ही पाच जण होतो, जुन्या नोंदी ताडून पाहण्याचं काम माझ्याकडे होतं,' यात कसली आली बढाई? हा तर कामाचा हिशोब झाला.

लिहून झालं की वही मिटा आणि मोठ्यानं बोला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले: त्यांना उताऱ्यातलं ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आदल्या रात्रीचं वाचन म्हणूनच फसवं असतं. वाचताना सगळं येतंय असं वाटतं. आठवडाभर आधी सुरुवात करा आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगा, म्हणजे पाठांतर होणार नाही.

कपडे, कागदपत्रं, जायचा रस्ता हे आदल्या दिवशी बघून ठेवा, त्यावर जास्त बोलत नाही.

आता शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे वळा आणि तुमचा एक प्रसंग सांगा. प्रत्येकाला दोन मिनिटं. मी घड्याळ लावते आहे.