आधी सळई, मग रंग

वाशीतल्या जुन्या बिल्डिंगांच्या जिन्यात उभं राहून मान वर करा. पोपडे, गंजाचे तांबूस ओघळ, एखाद्या ठिकाणी सळईच बाहेर आलेली. आणि मीटिंगमध्ये वाद कशावर, तर बाहेरून रंग कुठला द्यायचा!

आधी भार खाली कसा जातो ते बघू. कपाट, फ्रिज, गणपतीला आलेले पाहुणे, सगळ्यांचं वजन स्लॅबवर, तिथून बीमवर, बीमवरून पिलरवर आणि मग पायात. आरसीसी फ्रेममध्ये (म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यात) विटांची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते, पण जुन्या लोड बेअरिंग बिल्डिंगमध्ये तीच भिंत वरचा मजला पेलते, त्यामुळे कुठली भिंत तोडायची हे इंटिरियरवाल्याने ठरवायचं नसतं. आणि फक्त म्हाताऱ्या बिल्डिंगाच पडतात असंही नाही, ठाण्याजवळच्या शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली तेव्हा तिचं बांधकाम चालूच होतं, ७४ जीव गेले.

आता गंज. काँक्रीट दाब झेलतं, ताण झेलते सळई. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२-१३, त्यामुळे आतल्या लोखंडावर एक पातळ थर धरतो आणि ते गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साईड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, पीएच ९ च्या आसपास उतरला की तो थर गेलाच समजा, त्यात आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि वरच्या बाथरूमचं गळणारं पाणी (वरच्या काकू म्हणणारच, आमचं कोरडं आहे). गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग तो आतूनच काँक्रीट फोडतो. म्हणजे पोपडा दिसतो तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

स्ट्रक्चरल ऑडिटवाले, म्हणजे बिल्डिंगची मजबुती तपासणारे इंजिनियर हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का बघतात. मग काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फथॅलीन मारतात, तेच आपलं शाळेच्या लॅबमधलं. गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर कार्बन डायऑक्साईड तिथवर पोचलाय, आणि तो सळईपर्यंत पोचलाय का हा खरा प्रश्न.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यानंतर दर ३ वर्षांनी करायचं. पैशांसाठी सिंकिंग फंड असतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, तो गेटवर कमान उभारायला नाही.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं की सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढणे, गंज घासणे, झिजली असेल तिथे जादा सळई, अँटी-करोजन (गंजरोधक) कोट आणि मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल), हे सगळं लिहिलंय का बघा. नुसतं ‘प्लास्टर दुरुस्ती व रंगकाम’ असेल तर सरळ परत पाठवा.