बुकिटिंग्गीचे दहीपोहे

नमस्कार मंडळी! आज जायचंय इंडोनेशियात, पण बालीला नाही हं, बालीचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पडलेत. आपण जाऊ सुमात्रा बेटावर, बुकिटिंग्गीला. परत सांगते, बुकिटिंग्गी. बुकिट म्हणजे टेकडी, टिंग्गी म्हणजे उंच. पाडांगला विमानातून उतरायचं आणि घाटाने दोनतीन तास वर.

गाव लहान पण इतिहास भरपूर. डचांनी इथे १८२५ मध्ये किल्ला बांधला, इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हत्ता १९०२ साली इथेच जन्मले, आणि चौकात उभा आहे १९२६ चा जाम गडांग म्हणजे मोठ्ठं घड्याळ. त्यावर रोमन चार आपण शाळेत शिकलो तसा नाही, नुसत्या चार उभ्या रेघा! आमच्या बाईंनी तर वहीवर लाल फुली मारली असती. (आता मुलांना काट्यांचं घड्याळच वाचता येत नाही ते सोडा.)

जेवण म्हणजे नासी कपाऊ. विकणारी बाई उंचावर बसते, पातेली खाली मांडलेली, आणि करवंटीच्या लांब दांड्याच्या पळीने ती तुमच्या भातावर रस्सा वाढते. बरेचसे पदार्थ गोमांसाचे, म्हणून न खाणाऱ्यांनी आधी विचारा, हो, आधी विचारा. आम्ही कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी घेतली, कोकणातल्या कुयरीची लांबची बहीणच.

पण मला सांगायचीय ती दह्याची गोष्ट. बरोबर होती आमची आत्या, वय सत्तर, दह्याशिवाय जेवण उतरत नाही. बाजारात एका टपरीवर बांबूचं नळकांडं दिसलं, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. बाईने पान सोडून नळकांडं वाटीत उपडं केलं आणि पांढरं घट्ट दही बदकन पडलं! त्याला म्हणतात डाडिया, म्हशीच्या दुधाचं. खाली चिकट तांदळाचे कुटलेले पोहे, वर ताडगुळाचा पाक आणि खवलेला नारळ. आत्याने एक चमचा खाल्ला नि म्हणाली, "अगं, हा तर गोपाळकाला, फक्त मिरची विसरलेत!"

मग तिला एकच ध्यास, विरजण कुठलं? भाषा येत नाही, तर ही हाताने कालवून दाखवतेय, ती बाई मान हलवतेय आणि बांबूवर टकटक करतेय. आत्या म्हणे बांबू कळला, विरजण दाखव. बाई परत टकटक. शेवटी शेजारच्या मुलाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की विरजण लावतच नाहीत, कच्चं दूध बांबूत ओतायचं, पान बांधायचं, दोनेक दिवस ठेवायचं, लागतंच आपोआप. कच्च्या दुधातले, बांबूतले नि पानावरचे जिवाणूच ते काम करतात. आणि आपण डब्यातलं दही विकत आणून त्याचं विरजण लावतो, काय बोलायचं!

आत्याने एक रिकामं नळकांडं मागून घेतलं, साडीत गुंडाळून पुण्याला आणलं. म्हशीचं दूध आणलं, ओतलं, केळीचं पान बांधलं, वर दोरा. तीन दिवसांनी उघडलं तर नुसता वास, दूध फाटलेलं.

मी विचारलं, "आत्या, दूध कच्चंच घातलंस ना?"

"कच्चं कसं घालू? चांगलं दोनदा उकळलं, मलई काढली आणि मग घातलं."

नळकांडं अजून तिच्या ओट्यावर आहे. त्यात उलथनं आणि दोन झारे असतात.