आधी पाठ बघा

(जुना बाजार, सकाळ)

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणारा. पथारीवर नळाच्या तोट्या, गंजकी कुलपं, घड्याळांची उघडी यंत्रं. आणि त्याच ढिगात हा पितळी तुकडा. तिरपे दोन भाले, भाल्यांना चिमुकली निशाणं, वर मुकुट. जुन्या घोडदळाचा बॅज.

(हात, अगदी जवळून)

जुने बॅज पारखणारे हे काका बॅज उचलतात आणि आधी उलटा करतात. ठशाखाली दाबून काढलेल्या बॅजची पाठ पोकळ असते. समोर जिथे उठाव, तिथे मागे खळगा. वाळूच्या साच्यात ओतलेला बॅज मागून सपाट, हाताला जड आणि घामोळं आल्यासारखा खरखरीत. ओतीव दिसला की नकली, असा निकाल बरेच जण लावून मोकळे होतात. इतकं सोपं नाही ते. रेजिमेंटा तेव्हाही स्थानिक कारागिरांकडून बॅज ओतून घेत.

म्हणून कड्या बघायच्या. बॅज फेट्याला किंवा टोपीला अडकवायला मागे तारेच्या दोन कड्या डाग देऊन बसवलेल्या असतात. या बघा. आतल्या बाजूनं झिजल्यात. ही झीज वापराची. बॅज काळवंडलेला आणि कड्यांचा डाग मात्र कालचा असेल, तर काका तो गुपचूप परत पथारीवर ठेवतात. घासाघीसही करत नाहीत.

(मुकुट)

आता वर. व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या, दोन्ही बाजूंना खांदे काढल्यासारख्या. 1901 नंतर राजाचा मुकुट आला, त्याच्या कमानी गोलसर. 1950 मध्ये प्रजासत्ताक झालं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह बसले.

(आकडा)

खरी मजा आकड्यात, म्हणजे बॅजवरच्या रेजिमेंटच्या क्रमांकात. सैन्याच्या 1903 च्या फेररचनेत पूना हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटला 34 क्रमांक मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर घोडदळाच्या 39 रेजिमेंटांच्या 21 केल्या गेल्या. त्यात 33 वी आणि 34 वी एक झाली आणि आकडा झाला 17. म्हणजे पूना हॉर्सच्या नावासोबत 34 दिसला, की तो या दोन फेररचनांच्या मधला. 1817 च्या पुणे तहातून उभं राहिलेलं हे घोडदळ, आणि त्याच्या खुणा पुण्यातच तोट्यांच्या भावात!

(युद्धस्मारक)

घोडे गेले, रणगाडे आले. 1965 मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर, 1971 मध्ये पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. दोघंही पूना हॉर्सचे. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र.

(पुन्हा बाजार, तराजू)

बाकीचं पितळ मोडीत जातं. शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर विकायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे; वितळवणाऱ्याला कोण विचारतो?

(दोन बॅज शेजारी)

उजवीकडचा चिंच लावून घासलेला. लखलखतोय, पण निशाणांवरच्या रेघा पुसल्या गेल्यात. डावीकडचा काळा, आणि त्यावर निशाणांची रेघन्रेघ मोजता येते. घरात आजोबा-पणजोबांचा असा बॅज असेल, तर घासू नका. पाठीचा फोटो काढा. तो कोणाचा, कोणत्या रेजिमेंटचा, घरात कसा आला, हे चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवा.